लॉकचं बटण तीनदा

"हेच बटण पाहिजे," भास्करनाना म्हणाले. "दुसरं काही माझ्या हातात देऊ नको."

त्यांनी गाडीची किल्ली काउंटरवर ठेवली. दोन बटणांची साधी किल्ली. लॉकच्या बटणावरचं कुलपाचं चित्र अंगठ्यानं घासून पुसट झालेलं. मी त्यांच्यासमोर रिमोट स्टार्टरचा डबा उघडून ठेवला होता. त्याच्यासोबत वेगळा चार बटणांचा रिमोट येतो. तो त्यांनी एका बोटानं बाजूला सरकवला.

"नाना, याची रेंज जास्त आहे."

"असू दे. खिशात दोन वस्तू ठेवल्या तर मी नेमकी चुकीची दाबीन. ही मला न बघता दाबता येते."

सुरतेत भेस्तानमध्ये माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आयटीआय केलं, चौदा वर्षं एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये वायरिंगवर काढली, मग स्वतःचं शटर घेतलं. गाडीत वीज जिथं जिथं जाते ते माझं काम. स्टार्टर, लाईट, सेंट्रल लॉक, हॉर्न. इंजिन आणि ब्रेक माझे नाहीत, ते समोरच्या गॅरेजवाल्याचे. गुजराती गिऱ्हाइकं मला सुनंदाबेन म्हणतात, खानदेशातली ताई म्हणतात. नाना आमच्या अमळनेरकडचे. जवळच्या सचिन गावात एका लूमच्या कारखान्यात ते मास्टर होते. माग अडला की सगळे ज्याला हाक मारतात तो माणूस. माझे वडील त्यांच्या हाताखाली माग चालवायचे. त्यामुळे नानांना नाही म्हणायला मला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. ही गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे ती लागणार आहे.

"कशाला पाहिजे ते तर सांगा," मी म्हणाले.

नानांच्या बायकोला, म्हणजे जिजींना, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. उधन्याच्या बाजूला एका लहान हॉस्पिटलमध्ये, पहिल्या मजल्यावर. सकाळी दहाला मशीनवर घेतात, दोनला सोडतात. तेवढा वेळ गाडी उघड्या पार्किंगमध्ये उन्हात तापते. आणि मशीनवरून उतरताना जिजींचं बीपी खाली गेलेलं असतं.

"तापलेल्या गाडीत बसवलं की तिला मळमळतं, चक्कर येते. मागच्या गुरुवारी दाराशीच खाली बसली. दोघांनी उचलून आत ठेवली."

"मग तुम्ही दहा मिनिटं आधी खाली जा. गाडी चालू करा, एसी लावा, वर या."

नानांनी शर्टाची बाही वर केली आणि कोपराच्या वर दोन बोटं दाबून दाखवली. "सुया काढल्या की इथं कापूस ठेवून असं दाबावं लागतं. दहा-पंधरा मिनिटं. ते मी दाबतो."

"टेक्निशियन दाबेल की."

"त्यानं एकदा मध्येच सोडलं. फोन आला त्याला. जिजीचं लुगडं भरलं रक्तानं. तेव्हापासून ती दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही." त्यांनी बाही खाली केली. "एक हात तिच्या दंडावर. दुसरा माझा मोकळाच असतो. खिशात. खिडकीच्या खालीच गाडी उभी असते."

म्हणजे मागणी चांगली विचार करून आणली होती. शेवटी मास्टर माणूस.

आता हे काम काय असतं ते सांगते. रिमोट स्टार्टर म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा. तो डॅशबोर्डच्या आत लपवतात. किल्ली फिरवल्यावर ज्या वायरींमधून वीज जाते, त्याच वायरींमधून हा डबा वीज सोडतो. गाडीला वाटतं, कोणीतरी किल्ली फिरवली. त्याला हुकूम द्यायला स्वतःचा रिमोट असतो, पण गाडीच्या मूळ बटणावरही तो बसवता येतो. लॉकचं बटण दाबलं की सेंट्रल लॉकच्या वायरीत एक झटका जातो. ती वायर डब्याला जोडायची आणि डब्याला शिकवायचं की तीन सेकंदांत तीन झटके आले तर इंजिन चालू कर. एकदा दाबलं तर नुसतं लॉक. तीनदा दाबलं तर इंजिन आणि एसी. मूळ किल्लीत एक टक्का फरक करावा लागत नाही.

अडचण एकच होती. नानांची गाडी हातानं गेअर टाकायची, मॅन्युअल.

ऑटोमॅटिक गाडीत पार्किंगचा गेअर असल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही. मॅन्युअलला तसं काही नसतं. गाडी पहिल्या गेअरमध्ये उभी असेल आणि कोणी क्लच न दाबता स्टार्टर मारला, तर गाडी उडी मारते. आत माणूस असेल तर तो ब्रेक दाबतो. आत कोणीच नसेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून मॅन्युअल गाडीसाठी या डब्यात एक पद्धत ठेवलेली असते. गाडी उभी करायची, न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू असतानाच किल्ली काढायची. डबा इंजिन चालू ठेवतो. तुम्ही खाली उतरायचं, दार लावायचं, लॉक करायचं. मग डबा इंजिन बंद करतो. इंजिन चालू असताना क्लचवरचा पाय काढून तुम्ही उतरलात, याचा अर्थ गेअर न्यूट्रलमध्ये आहे. एवढं डब्याला कळतं आणि ते तो लक्षात ठेवतो. पुढे कोणीही दार उघडलं किंवा हँडब्रेक खाली केला, की तो सगळं विसरतो. मग तीनदा काय, तीसदा दाबलं तरी चालू होत नाही. दार आणि हँडब्रेक, या दोन अटी म्हणजे त्याचे दोन पहारेकरी.

मी नानांना हे सगळं समजावलं. दुकानासमोर त्यांच्याकडून दहा वेळा करून घेतलं. एकदाही चुकले नाहीत. बॅटरी थोडी थकलेली होती, म्हणून इंजिन एका झटक्यात चालू झालं नाही तर डब्यानं पुन्हा प्रयत्न करावा, असं सेटिंग ठेवलं. तीन प्रयत्नांपर्यंत. हेही लक्षात ठेवा.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "घरासमोर होतं. तिथं होत नाही."

मी स्कूटर काढली आणि दोन वाजता हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. कारण पाच मिनिटांत दिसलं.

जागा लहान, गाड्या जास्त. त्यामुळे एका रांगेपुढे दुसरी रांग लावायची. मागच्याला निघायचं असेल तर पुढची गाडी ढकलून बाजूला घ्यायची. त्यासाठी सगळ्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा नाही. सुरतेत अर्ध्या पार्किंगमध्ये हाच नियम आहे. ढकलणारा होता देवराव. यवतमाळकडचा, पन्नाशीचा, पूर्वी बांधकामावर होता. ड्रायव्हरच्या बाजूची काच अर्धी खाली ठेवायला लावायचा. खिडकीतून हात घालून दाराचा खांब धरायचा आणि एकट्यानं गाडी पुढे-मागे न्यायचा. जमीन गेटकडे थोडी उतरती होती, म्हणून हव्या त्या जागी आली की चाकाखाली वीट सरकवायचा. मी बघत असताना त्यानं अशा सहा गाड्या हलवल्या, तंबाखू न थुंकता.

"देवरावभाऊ, या गाडीचं दार उघडून हँडब्रेक तुम्ही खाली करता का?"

"मंग? वढून ठेवला तर माही कंबर जाईल का तुमची?"

हँडब्रेक खाली, डब्याची आठवण पुसली, विषय संपला. मी त्याला एवढंच सांगितलं की हँडब्रेक ओढलेला राहिला तरच गाडी आतून गार होते. जिजींचं सांगितलं. तो जिजींना ओळखत होता, त्या गुरुवारी उचलणाऱ्या दोघांतला एक तोच होता.

"असं हाय तर त्या कोपऱ्यात लावू द्या," तो म्हणाला. "भिंतीपाशी. तिथली गाडी ढकला नाही लागत. मी टोपलं ठेवून जागा धरतो."

पाच आठवडे सगळं सुरळीत चाललं. नानांची गाडी कोपऱ्यात, काचा बंद, हँडब्रेक ओढलेला. पावणेदोनला वरून तीनदा लॉक. खाली इंडिकेटर चमकायचे, इंजिन चालू व्हायचं, आणि जिजी खाली येईपर्यंत गाडी गार. जिजींनी माझ्यासाठी ज्वारीच्या बिबड्यांची, म्हणजे पापडांची, पिशवी पाठवली. नाना म्हणाले, "आता ती बसल्याबरोबर झोपते. घर येईपर्यंत." माझ्या धंद्यात लोक कामाबद्दल फक्त बिघडल्यावर बोलतात. त्यामुळे ते वाक्य मी लक्षात ठेवलं.

मग हॉस्पिटलनं पार्किंग सुधारलं. खाली ब्लॉक बसवले, पिवळे पट्टे मारले. कोपऱ्यातल्या जागा डॉक्टरांसाठी राखीव झाल्या. देवरावच्या विटा कोणाच्या तरी पायाला लागल्या म्हणून सगळ्या उचलून नेल्या. ढकलण्याचा नियम तेवढा तसाच राहिला.

नाना परत आले. "हँडब्रेकची ती अट काढून टाक."

"नाही काढता येणार."

"येत नाही का तू काढत नाहीस?"

"काढत नाही."

"सुनंदा, मी तुझ्या बापाला माग शिकवला. गेअरमध्ये गाडी ठेवण्याइतका मूर्ख आहे का मी?"

"तुमचा प्रश्न नाही, नाना. तिथं दहा हात लागतात गाडीला."

ते गेले. आणखी एकदा आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आले ते एका शनिवारी, अडीच वाजता, सरळ हॉस्पिटलमधून. जिजी मागच्या सीटवर होत्या. ओढणीसारखा ओला नॅपकिन डोक्यावर, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. पायाशी प्लास्टिकची पिशवी, उलटीसाठी. मी दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. एसी पूर्ण जोरात होता आणि तरीही.

नानांनी मला फक्त दाखवायला आणलं होतं. जिजींनीच डोळे उघडले. त्या घरी, दारी, सगळीकडे अहिराणीच बोलतात.

"जाऊ द्या ना," त्या नानांना म्हणाल्या. "कसाले तिले त्रास."

मी त्यांना दुकानात पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. त्यांना पाणीही मोजून प्यावं लागतं, दोनच घोट घेतले. आणि मी गाडीत शिरले.

दहा मिनिटांचं काम. हँडब्रेक ओढला की त्याखालचा एक छोटा स्विच दाबला जातो आणि एक वायर गाडीच्या बॉडीला टेकते, म्हणजे अर्थिंग होतं. डबा त्या वायरीवरून ओळखतो. मी ती वायर स्विचपासून तोडली, डब्याकडचं टोक कायमचं बॉडीला स्क्रूनं जोडलं आणि वर लाल टेप गुंडाळली. आता डब्याला चोवीस तास वाटणार होतं की हँडब्रेक ओढलेला आहे.

मी स्वतःला जो हिशेब सांगितला तो असा. हँडब्रेकनं फार तर गाडी घरंगळेल. उडी मारायची तर गेअर पडायला हवा. गेअर टाकायचा तर आत बसायला हवं. आत बसायचं तर दार उघडायला हवं. आणि दाराची अट मी काढलेली नाही. दार उघडलं की डबा सगळं विसरणारच. एक पहारेकरी काढला, दुसरा जागेवर आहे.

कागदावर हा हिशेब बरोबर होता. फक्त ज्या खिडकीतून देवराव खांद्यापर्यंत हात घालतो ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि हिशेबात धरली नाही.

"काच बंद ठेवा," मी नानांना म्हणाले.

"मग तो ढकलेल कसा?"

"बरं, मग देवरावला सांगा, गेअरला हात लावायचा नाही. गाडी आपोआप चालू होते म्हणावं."

"सांगतो."

देवरावचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. जागेसाठी मीच घेतला होता. एक फोन मी स्वतः करू शकत होते. मी पान्हे गोळा केले आणि पुढच्या गाडीला लागले.

दहा दिवसांनी दुपारी दोनला फोन आला. नानांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त वाक्य लहान होतं. "बेटा, इथं ये."

मी पोचले तेव्हा पार्किंगमध्ये घोळका होता. नानांची गाडी पुढच्या गाडीच्या मागच्या बंपरला चिकटून उभी. दार उघडं. दोन बंपरच्या मध्ये खाली एक चप्पल. देवरावला आत एक्स-रेला नेलं होतं.

काय झालं ते एका ड्रायव्हरनं सांगितलं. देवराव नानांच्या गाडीपुढे उभा होता, पाठ तिच्याकडे करून, आणि पुढची गाडी ढकलत होता. मागून झटका बसला. दोन्ही बंपरमध्ये त्याचे पाय सापडले. गाडी अडली म्हणून इंजिन बंद पडलं. तो ओरडला. आणि चार सेकंदांनी गाडीनं पुन्हा झटका दिला.

दुसरा झटका माझा. थकलेल्या बॅटरीसाठी ठेवलेलं सेटिंग. डब्याला वाटलं, इंजिन लागलं नाही, पुन्हा प्रयत्न करू. तिसरा प्रयत्न झाला नाही, कारण तेवढ्यात या ड्रायव्हरनं धावत येऊन, खिडकीतून हात घालून दार उघडलं. दाराच्या अटीनं आपलं काम चोख केलं. दोन झटक्यांनंतर.

मी आत गेले. जिन्याखालच्या बाकावर जिजी बसल्या होत्या. एका हातानं दुसऱ्या हातावरचा कापूस स्वतःच दाबून. नाना त्यांच्यापासून चार पावलांवर मॅनेजरसमोर उभे होते.

मॅनेजर अर्धं गुजराती, अर्धं हिंदी बोलत होता. "काका, गाडी अपने आप कैसे चालू हो गई? आ शुं छे अंदर? किसने लगाया?"

माझ्या कमरेला टेस्टर आणि पक्कडीचा पट्टा होता. हातांना ग्रीस होतं. नानांनी मला येताना पाहिलं होतं. त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

"जुनी गाडी घेतली होती," ते म्हणाले. "त्यात आधीपासूनच होतं. मला काही माहीत नाही."

पन्नास वर्षं ज्या माणसानं दुसऱ्याचा तुटलेला धागाही स्वतःच्या नावावर घेतला नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलत होता. मला फक्त तोंड उघडायचं होतं. 'मी बसवलं', दोन शब्द. मी उघडलं नाही. मला दुकान दिसत होतं, पोलीस दिसत होते, पाटी उतरलेली दिसत होती. हे सगळं मला एका क्षणात दिसलं, आणि खिडकी मात्र दहा दिवसांत दिसली नव्हती.

"आ गाडी हवे अंदर नहि आवे," मॅनेजरनं गाडीला बंदी घातली. "अने काका, आप भी इस उमर में मत चलाओ."

नानांनी मान हलवली. मग जिजींजवळ गेले आणि त्यांचा हात बाजूला करून कापूस दाबून धरला. दहा मिनिटं कधीच होऊन गेली होती. तरी धरला.

देवरावच्या उजव्या नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. डाव्या पायाचं सुजण्यावर निभावलं. हॉस्पिटलनं आपलाच माणूस म्हणून ऑपरेशन करून रॉड घातला. मी चौथ्या दिवशी त्याला भेटायला गेले. चौथ्या, पहिल्या नाही. पाय पट्ट्यांत, उशीखाली तंबाखूची पुडी.

"देवरावभाऊ, गाडीतला डबा मी बसवला होता."

"ठाऊक हाय. तुमीच तर आल्ता ना जागा मागाले."

"हँडब्रेकची वायर पण मी तोडली."

"ते काय मले समजत नाही, ताई." त्यानं उशीखालची पुडी चाचपली. "गेअर तं मीच टाकला. गाडी घरंगळत व्हती गेटकडं. इटा उचलून नेल्या त्याईनं. हँडब्रेक पार खाली राहते, हात नाही पुरत. खिडकीतून वाकलो अन् गेअर टाकला. तेवढ्यानं उभी राह्यली."

"नानांनी सांगितलं नव्हतं, गाडी आपोआप चालू होते म्हणून?"

"सांगतलं व्हतं. मले वाटलं, म्हातारा गंमत करते." तो हसला, मग पाय दुखला म्हणून थांबला. "माणूस नसताना गाडी चालू होते, हे कोनाले खरं वाटन?"

मी तिथून सरळ मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की काम माझं आहे, लिहून घ्या. त्यानं फाईल बंद केलेली होती. पोलिसांकडे आधीच पार्किंगमधला अपघात एवढीच नोंद गेली होती आणि त्याला ती पुन्हा उघडायची नव्हती.

"बेन, हवे लखीने शुं?" तो म्हणाला. आता लिहून काय उपयोग, असं.

मी तरी लिहिलं. सही केली, त्याच्या टेबलावर ठेवून आले. पुढे कोणी मला बोलावलं नाही.

मग नानांकडे गेले. ते म्हणाले, "तू कशाला गेलीस? बटण मी दाबलं होतं." त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. त्यानं गाडी विकायला काढली होती. विकण्यापूर्वी डबा काढून द्यावा म्हणून मलाच बोलावलं. त्याला काहीच माहीत नव्हतं, त्यानं मला चहा दिला. मी खाली वाकून एकेक वायर सोडवली, हँडब्रेकची वायर तिच्या स्विचवर परत जोडली. सगळं पूर्वीसारखं झालं. गाडी पूर्वीसारखी झाली म्हणते.

देवराव चार महिन्यांनी कामावर आला. पाय थोडा आत वळतो. ढकलण्याचं काम आता दुसरा माणूस करतो, हा गेटवर स्टूल टाकून शिट्टी वाजवतो. मला बघितलं की म्हणतो, "ताई, स्कूटर न्यूट्रल हाय ना?" मी हसते. दर वेळी हसायला थोडा वेळ लागतो.

नाना आणि जिजी रिक्षानं जातात. एकदा त्यांची रिक्षा माझ्या दुकानासमोर थांबली, नानांना कोपऱ्यावरून औषध घ्यायचं होतं. दुपारचे अडीच, ऊन तसंच. जिजी मागे रेलून बसल्या होत्या, डोक्यावर तोच नॅपकिन. मी पाणी घेऊन गेले. त्यांनी दोन घोट घेतले.

"कसं वाटतं जिजी, रिक्षात?"

"रिक्षामा वारा लागस," त्या म्हणाल्या. "बरं शे."

खरं की माझ्यासाठी म्हणाल्या, मला माहीत नाही. त्या दिवसांत सुरतेचा वारा तोंडावर भाजतो. पण त्यांनी डोळे मिटले होते आणि पिशवी पायाशी नव्हती, एवढं मी पाहिलं.

त्या घटनेत तीन माणसं होती. बटण नानांनी दाबलं, गेअर देवरावनं टाकला, वायर मी तोडली. तिघंही आपापली चूक मोठी सांगतात. पण नानांना खिडकीतून गेअर टाकता येतो हे माहीत नव्हतं. देवरावला डबा म्हणजे काय हे माहीत नव्हतं. खिडकी, उतार आणि डबा, या तिन्ही गोष्टी जिला माहीत होत्या अशी मी एकटीच होते.

तो डबा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, लाल टेपच्या तुकड्यासकट. मॅन्युअल गाडीवर मी आता रिमोट स्टार्टर बसवत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, दुसरा बसवून देतो. मी म्हणते, त्याच्याकडून बसवा. कोणी अडून बसलं, घरात आजारी माणूस आहे म्हणालं, तर एकच विचारते, गाडी उभी कुठे असते आणि तिला हात कोण लावतं. बहुतेकांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसतं. मग डबा दाखवायला मला ड्रॉवर उघडावा लागत नाही.